सातवी फवारणी

१

सोमवारी सकाळी साडेनवाच्या सुमाराला बाणूबाई पाठीवरच्या पंपासकट ढोबळी मिरचीच्या चौथ्या ओळीत आडवी झाली. शेजारच्या ओळीत रेणू झाडांना दोऱ्या बांधत होती. तिला आधी वाटलं, पाय घसरला. जवळ जाऊन बघते तर बाणूबाईच्या तोंडाला फेस, अंग घामानं निथळलेलं, आणि डोळे उघडे असूनही ते काही बघत नव्हते.

पंपात निंबोळी तेलाचं पाणी होतं. निदान सगळे तसंच समजत होते.

पॉलीहाऊसचा मालक भीमाशंकर याने तिला जीपमध्ये घालून आळंदला नेलं, तिथून कलबुर्गीला. दुपारपर्यंत खजुरी गावात दोन गोष्टी पसरल्या. बाणूबाईनं घरच्या कटकटीला कंटाळून विष घेतलं, ही एक. दुसरी, रेणूनं तिला घातलं. पाण्याच्या नळावरून शनिवारी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. आणि पंपात औषध कालवायचं काम रेणूकडंच होतं.

मंगळवारी सकाळी मैत्रेयी स्कूटीवरून खजुरीत आली. बागायत खात्यात तिची एकतीस वर्षं गेली होती, त्यातली बरीचशी पानं उलटून मागची बाजू बघण्यात. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं आणि गुडघे त्याच्याआधीच निवृत्त झाले होते. आदल्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला होता, "कीड नियोजनाच्या कागदावर सही तुमची आहे. तुम्हीच बघून या आणि अहवाल द्या."

सही तिचीच होती. या पॉलीहाऊसमधली मिरची हैदराबादच्या एका दुकानाला विषमुक्त म्हणून जायची. आत रासायनिक औषध वापरायचं नाही. दर सोमवारी निंबोळी तेल, आणि किडी खाणारे मित्रकीटक सोडायचे, एवढंच तिनं लिहून दिलं होतं.

भीमाशंकर दारातच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"म्याडम, निंबोळीच्या तेलानं माणूस पडतंय का ओ?"

"नाही."

"मंग माझ्या पॉलीहाऊसमदी काय झालं?"

"तेलाचा डबा कुठाय?"

भीमाशंकरनं मागं वळून बघितलं. हौदाच्या कडेला रेणू उकिडवी बसली होती. चाळिशीची, वाळकी बाई. तिच्या पुढ्यात पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा पालथा घातलेला होता.

मैत्रेयीनं तो उचलून नाकाशी नेला. कशाचाच वास नव्हता. डबा आतून-बाहेरून स्वच्छ धुतलेला होता.

२

"कामून धुतलीस गं?" भीमाशंकर ओरडला. "पोलीस इचारतील तर काय सांगू?"

रेणू मैत्रेयीकडं बघून म्हणाली, "तुमीच सांगितलाव की, अक्का. डबा रिता झाला की तीन टायमाला धुवायचा. काल तिला जीपमदी घातलं अन् माझ्या हाताला काय करावं सुचंना. मंग रोजच्यावानी धुतले."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी याच हौदाशी उभं राहून मैत्रेयीनं बायकांना ते शिकवलं होतं. खेडोपाडी इतकं शिकवावं, कुणी काही लक्षात ठेवू नये. आणि एकदा कुणी ठेवलं तर ते असं.

तिनं भीमाशंकरला बाजूला पाठवलं आणि रेणूच्या शेजारी कठड्यावर बसली.

"डबा कालच संपला?"

"व्हय. सात सोमवार पुरला. काल तळ होता, म्हून समदं उपडं करून घेतले."

"दर वेळी डबा हलवून घेत होतीस?"

"हलवायची की. पर ह्या आठ दिसांत थंडी किती पडली बगा. तेल तुपावानी गोठलं होतं, हलंना. मंग उपडा धरून ठेवले." रेणू थांबली. "आदी पांढरं आलं. पातळ, ताकावानी. मंग तेल. मला वाटलं थंडीनं फाटलं आसल."

"बाणूबाईनं ते बघितलं?"

"न्हाई. ती आत पडदे सोडायली होती. गार हवा आत येऊ नये म्हून समदे बंद केलते." रेणूचा आवाज खाली गेला. "अक्का, नळावर मी तिला लई वंगाळ बोलले. मेलीस तर बरं, आसं बी म्हनले. पर म्हनायचं आन् करायचं एक आसतंय का?"

मैत्रेयीनं पिशवीत हात घातला. तिचा फोन वाजत होता. कलबुर्गीचे डॉक्टर शरणबसव होते. दमलेल्या कानडीत ते म्हणाले, "पोट धुतलं. पोटात विष नव्हतं. अंगावरून आणि श्वासातून गेलंय. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, म्हणजे विषाची जात कळली, पण औषध कुठलं ते कळत नाही. काही औषधं चरबीत मुरून बसतात. पेशंट सुधारला म्हणून आम्ही उतारा कमी करतो आणि तिसऱ्या दिवशी तो परत खाली जातो. बाटली मिळेल का?"

"बघते," मैत्रेयी म्हणाली.

"उद्या सकाळपर्यंत बघा. उद्या मला डोस ठरवायचाय."

३

आत्महत्या नव्हे, एवढं नक्की झालं. पण तो पांढरा द्रव डब्यात कधी आला? काल सकाळी की आधी? काल आला असेल तर तो रेणूशिवाय कुणी टाकला असं म्हणणं अवघड होतं. आणि विचारायला डब्यात थेंबही उरला नव्हता.

मैत्रेयीनं दुहेरी दारातून आत पाऊल टाकलं. पडदे आता वर बांधलेले होते. बाणूबाई पडली त्या ओळीत दोन झाडं मोडली होती. मैत्रेयी गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसली आणि भिंगातून पानांची मागची बाजू बघू लागली.

पानामागं बारीक धाग्यांचं जाळं होतं, त्यात सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके हलत होते. लाल कोळी. पान न् पान भरलेलं. एवढी वाढ दोन दिवसांत होत नाही, तिला महिना लागतो. त्याला खाणारे मित्रकीटक तिनं स्वतः बंगळूरहून मागवून दसऱ्याच्या आधी इथं सोडले होते. आता चाळीस पानं उलटली तरी त्यातला एकही सापडेना. मावा खाणारा ठिपकेदार ढालकिडा नाही. कोपऱ्यात जाळं विणणारा साधा घरकोळीसुद्धा नाही. त्याची रिकामी जाळी धुळीनं जड होऊन लोंबत होती.

पांढरी माशी मात्र होती. तिला कुठलंच विष फारसं लागत नाही.

मग ती उत्तरेकडच्या कोपऱ्यात गेली. तिथं जाळीच्या आडोशाला रोपांचे ट्रे होते. तिथल्या पानांवर चार-दोन लाल कोळी होते, आणि त्यांच्यामागं धावणारे मित्रकीटक होते. एक ढालकिडाही रोपाच्या शेंड्यावर निवांत बसला होता.

तेच छत, तीच हवा. शेजारच्या शेतातून विष उडून आलं असतं तर इथंही मेलं असतं.

तिनं भीमाशंकरला हाक मारली. "या कोपऱ्यात कोण फवारतं?"

"रूपा. माझी घरवाली. रोपं कवळी आसतेत, तेलानं पान जळतंय म्हून तुमीच नको म्हनलाव. ती घरी निंबोळ्या भिजवून अर्क करती."

म्हणजे विष त्या डब्यातच होतं, आणि ते काल आलेलं नव्हतं. पहिल्या फवारणीपासून, थोडंथोडं, दर सोमवारी ते झाडांवर पडत आलं होतं. रेणूला बाणूबाईचा जीव घ्यायचा असता तर शनिवारच्या भांडणासाठी तिनं सात आठवडे आधी तयारी केली असती का?

हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण मैत्रेयी तिथंच उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून राहिली. महिनाभरापूर्वी ती भेटीला आली होती. त्या दिवशी तिसरं गाव होतं, पाय सुजले होते. दारातच बाणूबाई म्हणाली होती, "अक्का, पानामागं जाळी धरायली, आत येऊन बघा की." मैत्रेयीनं दारातच वहीवर लिहिलं, निंबोळी तेल चालू ठेवावे. सही केली आणि निघाली.

त्या दिवशी आत आली असती तर हे सगळं तेव्हाच दिसलं असतं.

४

रूपा घराच्या ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मैत्रेयीला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"तेलाचा डबा ठेवता त्या खोलीची किल्ली तुमच्याकडं असते ना?"

"आसती. पर दिवसभर दार उगडंच आसतंय." रूपानं सरळ बघितलं. "माझी रोपं चांगली हायेत म्हून गावात बोलायलेत, हिला आदीच म्हाईत होतं. म्हनू द्या. मी तर बाणूअक्काला दोनदा म्हनले, नको मारूस. फवारलं की तिचं डोकं धरायचं, उलटी यायची. ती म्हनायची, तेलाचा वास हाय, जातंय."

"कधीपासून?"

"दसऱ्यापसून."

मैत्रेयीनं डोळे मिटले. तेही जुळत होतं.

ओट्याखाली चहाची बशी घेऊन भीमाशंकरचा धाकटा भाऊ मल्लेश बसला होता. आळंदमधल्या शेतीऔषधांच्या एका दुकानात तो कामाला होता, आणि रेणूवर ज्यांचा संशय नव्हता त्यांचा याच्यावर होता.

"इचारा म्याडम," तो म्हणाला. "मी इख इकतो, म्हून मीच टाकलो आसंल. समद्यांना तेच वाटायलंय."

"टाकलंस?"

"भीमाअण्णाला दहांदा म्हनलो, तेलाच्या नादी लागू नको, लाल कोळ्याचं चांगलं औषद देतो, एका फवाऱ्यात साफ. त्यो न्हाई म्हनला. मी सोडून दिलो. मला टाकायचं आसतं तर कोळ्याचंच टाकलो आसतो की! तुमीच बघितलाव आत. कोळी मेलाय का?"

मैत्रेयी त्याच्याकडं बघत राहिली. पोरगा रागात बोलत होता, पण मुद्द्याचं बोलत होता. ज्याला पिकाची कीड ठाऊक आहे त्यानं लाल कोळी मारणारं औषध घातलं असतं. शिवाय दुकानातल्या बहुतेक औषधांचा वास लपत नाही आणि ती तेलात मिसळून जातात. हे तेलात मिसळलं नव्हतं, तळाशी बसलं होतं. हे ज्यानं टाकलं त्याला लाल कोळी दिसतच नव्हता. त्याला दिसत होत्या त्या उडणाऱ्या पांढऱ्या माश्या. आणि त्याच्या हाताशी पाण्यात कालवायचं औषध होतं.

घरात असं कोण होतं?

ती उठली. गुडघा कटकन वाजला. अंगणाच्या कडेला चिंचेखाली गाय बांधलेली होती. मैत्रेयीनं सहज तिच्या मानेवरून हात फिरवला आणि थबकली. कानाच्या पाळीत, मानेखालच्या पोळीत गोचिडांचे झुबके लागले होते, एरंडीच्या बियांसारखे टपोरे.

"रूपा, गाईला इतके गोचीड?"

"काय की. मामा दर आमुशाला औषद लावायचे. मेंढरं गेली तरी त्येंचं ते चुकलं न्हाई कदी. ह्या साली दसऱ्यापसून लावलंच न्हाई. इचारलं तर म्हनले, औषद सरलं."

५

रूपाचा सासरा पिराप्पा गोठ्यामागच्या जुन्या मेंढवाड्यात बसला होता. पंचाहत्तरीचा, उंच, खांद्यावर काळं घोंगडं. चारशे मेंढरं राखलेला माणूस. आता त्या वाड्यात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडलेली होती. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदूचं पांढुरकं झाकण स्पष्ट दिसत होतं.

मैत्रेयी समोरच्या दगडावर बसली.

"गाईला गोचीड झालेत," ती म्हणाली.

"व्हय."

"औषध कुठं गेलं, अण्णा?"

पिराप्पानं घोंगड्याची दशी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. गाईनं."

म्हातारा उठला. भिंतीतल्या कोनाड्यात हात घालून त्यानं एक गंजका पत्र्याचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. लेबल अर्धं फाटलं होतं. त्यावर मेंढीचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव. मैत्रेयीनं आधी त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला. बाकीचं नंतर.

"म्या टाकलं," पिराप्पा म्हणाला. "एकदाच. तेलाचा नवा डबा आला त्या दिशी. तांब्याभर वतलं, पान्यात फेटून. भीमाचं आन्न सुटल्तं बाई. रोज सकाळी पानं उलटीपालटी करत बसायचा, बायकूसंगं बोलंना, कुनासंगं बोलंना. मी जाऊन बघायचो. तेल मारल्यावर बी पांढऱ्या माश्या उडायच्या. मला तेवढंच दिसायचं. म्हनलं, हे कसलं औषद? चारशे मेंढरं ह्याच औषदाच्या हौदात बुचकाळून काढलो. एक गोचीड ऱ्हायला न्हाई. मानूस बी मेला न्हाई."

"तुमचा हौद उघड्यावर होता. वारा होता. आणि तुम्ही तांब्याभर औषध अख्ख्या हौदाला घालत होता."

"व्हय."

"हे पाण्यात कालवलेलं औषध. ते पाणी तेलात मिसळत नाही, तळाशी बसतं. सहा सोमवार हलवल्यावर थोडंथोडं वर आलं. सातव्या सोमवारी डबा उपडा केला, तेव्हा उरलेलं सगळं एका पंपात गेलं. आणि पडदे बंद होते."

पिराप्पा ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, आणि हे त्यानं विचारू नये असं मैत्रेयीला फार वाटत होतं.

"किडं तरी मेले का?"

खोटं बोलणं सोपं होतं. तो विचार तिच्या डोक्यात येऊनही गेला.

"तुमच्या बाजूनं लढत होते ते मेले, अण्णा. कीड खाणारे. त्यांच्यामुळं बाकीची दबून होती. ते गेले आणि लाल कोळी मोकाट वाढला. पीक त्यानं खाल्लं."

पिराप्पानं दोन्ही हात घोंगड्याखाली घेतले. तेवढ्यात दाराशी काहीतरी हललं. भीमाशंकर उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.

"अप्पा," तो म्हणाला, "गावानं रेणूला चोर-खुनी केलं दोन दिस. तुमी इथंच बसलाव."

"बसलो," पिराप्पा म्हणाला. "आता सांगतो, आता सांगतो, म्हनत बसलो. चल आता. कुठं सांगायचं तिथं ने."

६

त्याच दुपारी पिराप्पानं ठाण्यात जाऊन आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. फौजदारानं जबाब लिहून घेतला. बाई शुद्धीवर आली की तिचं ऐकू, मग पुढचं ठरवू, म्हणाला. रेणूच्या दारात कुणी माफी मागायला गेलं नाही. गावाला तशी सवय नसते. रूपा तेवढी गेली.

डॉक्टरांचा फोन संध्याकाळी आला. औषध चरबीत मुरणारंच निघालं. "उतारा उद्या अर्धा करणार होतो," ते म्हणाले. "आता नाही करत."

मैत्रेयीनं अहवाल दोन पानांत लिहिला. दुसऱ्या पानावर तिनं स्वतःच्या त्या भेटीची तारीख घातली आणि लिहिलं, 'कामगार महिलेने तक्रार करूनही मी आत जाऊन पाहणी केली नाही.' साहेब म्हणाले, एवढं कशाला, ते वाक्य काढून टाका. तिनं काढलं नाही. यात काही शौर्य आहे असं तिला वाटलं नाही. नुसता थकवा होता, आणि वाक्य खोडायचंही त्राण नव्हतं.

भीमाशंकरनं मिरचीची सगळी झाडं उपटून खड्ड्यात पुरली. हैदराबादच्या दुकानदाराला त्यानं फोन करून खरं ते सांगितलं. पलीकडच्या माणसानं फोन ठेवून दिला.

नवव्या दिवशी बाणूबाईला साध्या खाटेवर आणलं. रेणू तिच्या उशाशी होती. पाचव्या दिवसापासून ती तिथंच होती. दोघी नळाबद्दल काही बोलल्या नव्हत्या. मैत्रेयी पायथ्याशी स्टुलावर बसली होती.

दारात भीमाशंकर आणि त्याच्यामागं पिराप्पा आला. म्हाताऱ्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. फरशीवर अनवाणी पाय जपून टाकत तो खाटेपर्यंत आला आणि उभाच राहिला.

"आण्णा, बसा की. उभं कामून ऱ्हायलाव?" बाणूबाईचा आवाज फुटका येत होता.

"बाणू, तेलात औषद म्या टाकल्तो."

"रेणूनं सांगितलं."

"भीमासाठी टाकलो. तुझ्या वाईटावर न्हवतो मी."

"ते बी सांगितलं." तिनं मान वळवली. सलाईन टोचलेला हात चादरीवर पडून होता, काळानिळा झालेला.

"तुमी मला इचारायचं होतं की ओ, आण्णा," ती म्हणाली. "पंप तर माझ्याच पाठीवर होता."

पिराप्पानं मान खाली घातली. मैत्रेयीनंही.